अंदाजात १२ नॉट, भूशिरापाशी २८: किनाऱ्याजवळचा वारा कसा वाचावा

प्रश्न थोडक्यात असा आहे: सागरी अंदाजात दिवसभर १२ नॉट (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वारा सांगितला होता आणि निघताना तेवढाच होता. दुपारी भूशिराला वळसा घातल्यावर तो २८ नॉटवर गेला. पुढच्या आखातात शिरल्यावर शीड लोंबायला लागलं. डोंगरमाथे स्वच्छ दिसत होते, पण त्यांच्या निम्म्या उंचीवर ढगांचा सपाट थर पसरलेला होता. मग अंदाज चुकला का? आणि किनाऱ्याजवळ अंदाज वाचायचा तरी कसा?

अंदाज चुकला असं मी म्हणणार नाही. तो ज्या प्रश्नाचं उत्तर देत होता तो तुमचा प्रश्नच नव्हता. १२ नॉट हा आकडा समुद्रसपाटीपासून दहा मीटर उंचीवरचा, साधारण दहा मिनिटांच्या सरासरीचा आणि एका मोठ्या सागरी पट्ट्याचा असतो. तुम्हाला हवा होता एका भूशिराच्या टोकावरचा वारा. या दोहोंमध्ये जो फरक पडतो तो किनाऱ्याची जमीन पाडते, आणि तो किरकोळ नसतो. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे २८ नॉटचा जोर १२ नॉटच्या जवळजवळ साडेपाचपट होतो.

किनाऱ्याचा नकाशा हातात घेतल्यावर बहुतेक जण आधी डोंगर किती उंच आहेत ते पाहतात. मी आधी विचारतो की हवेचं झाकण किती उंचीवर आहे. समुद्राच्या गार पाण्याला लागलेली हवा गार आणि जड असते. तिच्यावर पुष्कळदा उबदार हवेचा थर बसलेला असतो. वर जाताना तापमान कमी व्हायला हवं, ते या थरात उलट वाढतं. खालची जड हवा हा थर भेदून सहज वर जाऊ शकत नाही. झाकण डोंगरमाथ्याच्या वर असेल तर वारा डोंगर ओलांडून जातो. माथ्याच्या खाली असेल तर डोंगर भिंत बनतो आणि वाऱ्याला किनाऱ्याच्या कडेकडेने वाट काढावी लागते. डोंगर तोच, वारा तोच, तरी दोन दिवसांचं हवामान पूर्ण वेगळं.

झाकण ठळक नसलं तरी हवेची स्थिरता, म्हणजे वर-खाली व्हायला हवा करत असलेला विरोध, हेच काम करते. ते मोजायला आम्ही अंदाज लिहिणारे फ्रूड अंक वापरतो. विल्यम फ्रूड हे एकोणिसाव्या शतकातले इंग्रज जहाज-अभियंते, त्यांच्या नावाचा हा अंक. वाऱ्याच्या वेगाला डोंगराची उंची आणि स्थिरतेचा आकडा यांच्या गुणाकाराने भागायचं. स्थिरतेचा हा आकडा साधारण दिवशी सेकंदाला ०.०१ च्या आसपास असतो. वारा सेकंदाला १० मीटर, म्हणजे साधारण १९ नॉट, आणि डोंगर ५०० मीटरचा धरला तर उत्तर येतं २. असा वारा डोंगर ओलांडतो. डोंगर १००० मीटरचा असेल तर उत्तर १, म्हणजे काठावरची परिस्थिती. आता डोंगर पुन्हा ५०० मीटरचाच घ्या, पण हवेची स्थिरता दुप्पट करा. उत्तर पुन्हा १ वर येतं. गार पाण्यावरून आलेल्या स्थिर हवेपुढे मध्यम उंचीची टेकडीही मोठ्या पर्वतासारखी उभी राहते, ती यामुळे.

अडलेल्या हवेचा परिणाम किनाऱ्यापाशीच संपत नाही. तो समुद्रात किती दूर जातो हे डोंगराची उंची, हवेची स्थिरता आणि पृथ्वीच्या परिवलनाचा त्या अक्षांशावरचा परिणाम मिळून ठरवतात. ४० अंश अक्षांशावर हजार मीटरच्या रांगेसाठी ते अंतर शंभर किलोमीटरच्या घरात येतं. विषुववृत्ताकडे सरकलं की ते वाढत जातं. म्हणजे डोंगर क्षितिजाखाली गेले तरी तुम्ही त्यांच्याच वाऱ्यात असू शकता.

तुमच्या त्या दुपारकडे या नजरेने पाहू. ढगांचा सपाट थर म्हणजे झाकण डोळ्यांना दिसत होतं, आणि ते माथ्यांच्या खाली होतं. अशा वेळी वरून झाकण आणि बाजूने डोंगर यांच्यामध्ये कोंडलेला हवेचा पातळ थर किनाऱ्याशी समांतर धावतो. भूशिराच्या अलीकडे किनारा वाऱ्याच्या आड येतो, तिथे थर जाड होतो आणि वारा थोडा मंदावतो. भूशिर ओलांडल्यावर किनारा मागे सरतो, थर एकदम पसरतो, पातळ होतो आणि वेग घेतो. कॅलिफोर्नियात उन्हाळ्यात केप मेंडोसिनो आणि पॉइंट कन्सेप्शन या दोन टोकांच्या पुढे हेच घडतं. तिथे सागरी हवेचा थर अनेकदा काहीशे मीटरच जाड असतो, किनाऱ्याचे डोंगर त्याहून उंच असतात, आणि टोकापलीकडे वारा ३० नॉटच्या वर जाणं ही नेहमीची गोष्ट आहे. हा झोत सरळ समुद्राकडे निघून जातो. टोकामागे वळलेल्या आखातात तो पोहोचतच नाही. पॉइंट कन्सेप्शनच्या आडोशाला तर कधीकधी अख्खा भोवरा तयार होतो, त्याला कॅटलिना भोवरा म्हणतात. त्यात किनाऱ्याजवळचा वारा बाहेरच्या वाऱ्याच्या उलट दिशेने वाहतो.

म्हणून आखातातली शांतता ही वारा पडल्याची खूण समजू नका. तिथे दोन तास विसावून पुन्हा बाहेर पडलात तर झोत जसाच्या तसा भेटेल, आणि दुपार चढत गेली असेल तर आणखी वाढलेला. असं भूशिर पार करायचं तर बहुधा पहाट ते सकाळची वेळ बरी, कारण तापलेल्या जमिनीमुळे वाढणारा दाबातला फरक तेव्हा सर्वांत कमी असतो.

झाकणाखालची हवा आणखी एक गोष्ट करते, आणि ती जास्त धोक्याची आहे. ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय किनाऱ्यावर दक्षिणेकडून येणारी थंड हवा ग्रेट डिव्हायडिंग रेंजला अडते आणि डोंगर व समुद्र यांच्यामधल्या पट्ट्यातून जिभेसारखी उत्तरेला धावते. तिथे तिला ‘सदर्ली बस्टर’ म्हणतात. काही मिनिटांत तापमान १० ते १५ अंशांनी उतरतं आणि वारा दिशा बदलून वादळी जोराने येतो. आभाळ मात्र निरभ्र असू शकतं. नकाशावर या थंड हवेच्या आघाडीची रेषा, म्हणजे थंड सीमा, जिथे काढलेली असते, त्याच्या कितीतरी पुढे किनाऱ्याजवळचं तिचं टोक गेलेलं असतं. अशा किनाऱ्यावर नकाशावरच्या रेषेपेक्षा वारा ज्या बाजूने येणार त्या बाजूच्या दोन-तीन हवामान ठाण्यांच्या ताज्या नोंदी पाहत राहणं केव्हाही चांगलं.

आता खिंडी आणि सामुद्रधुन्या. याबद्दल एक अर्धवट समज फार पसरलेला आहे. वाट अरुंद झाली की वारा दाबला जातो आणि तिथे सर्वांत जोरात वाहतो, असं सांगितलं जातं. बहुतेक मोठ्या खिंडींत असं होत नाही. खिंडीच्या एका टोकाला दाब जास्त आणि दुसऱ्या टोकाला कमी असतो. बाजूला डोंगर असल्यामुळे हवेला समभार रेषांच्या (सारख्या दाबाच्या जागा जोडणाऱ्या रेषांच्या) दिशेने वळता येत नाही, म्हणून ती सरळ जास्त दाबाकडून कमी दाबाकडे पडत जाते आणि वाटभर वेग घेत राहते. त्यामुळे वारा सर्वांत जोराचा असतो तो बाहेर पडण्याच्या तोंडाशी आणि त्याच्याही थोडा पुढे, कारण तिथे थर पसरून पातळ होतो. गळा पार केला, आता सुटलो, असं म्हणून सैल पडणारे नेमके तिथेच सापडतात.

याचा हिशोब मात्र सोपा आहे आणि कुणालाही करता येतो. घर्षण सोडून दिलं तर टोकाटोकांत हवेच्या दाबाचा १ हेक्टापास्कलचा फरक थांबलेल्या हवेला साधारण २५ नॉटपर्यंत नेऊ शकतो आणि ४ हेक्टापास्कलचा फरक ५० नॉटपर्यंत. प्रत्यक्षात घर्षणामुळे वेग यापेक्षा कमी भरतो, पण मोठ्या सामुद्रधुनीच्या दोन टोकांना दाब मोजणारी ठाणी असतील तर ही वजाबाकी संगणकावरच्या एखाद्या भारी हवामान मॉडेलच्या तोडीचं उत्तर देऊन जाते. अमेरिका आणि कॅनडा यांच्यामधल्या हुआन द फुका सामुद्रधुनीत हे चांगलं दिसतं.

मेक्सिकोतली तेहुआंतेपेकची खिंड हे याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण. हिवाळ्यात उत्तरेकडून थंड हवा मेक्सिकोच्या आखातात उतरते, त्या बाजूला दाब वाढतो, आणि सिएरा माद्रे रांगांमधल्या खिंडीतून ती पॅसिफिकवर फुटते. हा वारा वादळी जोराचा असतो आणि किनाऱ्यापासून समुद्रात शेकडो किलोमीटरपर्यंत जाणवतो. तो समुद्र इतका घुसळतो की पृष्ठभागाचं पाणी काही अंशांनी गार होतं. खिंडीतून सुटल्यावर झोत हळूहळू उजवीकडे वळतो, कारण आता त्याला धरून ठेवणारे डोंगर उरलेले नसतात. या पट्ट्यात अंदाज लिहिणारा माणूस पॅसिफिकचा नकाशा नंतर बघतो, आधी पलीकडच्या आखातातला दाब बघतो. जिब्राल्टरमधला लेव्हांते, ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून लायनच्या आखातात उतरणारा मिस्त्राल, न्यूझीलंडच्या कुक सामुद्रधुनीतले वारे, सगळ्यांचं मूळ असंच डोंगरांमधल्या वाटेत आहे.

डोंगर ओलांडून खाली कोसळणारा वारा निराळा. एड्रियाटिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरचा बोरा नावाचा वारा वेलेबित डोंगररांगेवरून समुद्रावर कोसळतो. त्याचे झोत ताशी २०० किलोमीटरच्या वर गेल्याच्या नोंदी आहेत. तो एकसारखा वाहत नाही, काही मिनिटांच्या अंतराने उसळ्या घेतो. खिंडीखालच्या ‘सेन्य’ या गावासारख्या जागी तो भयंकर असतो, तर जरा बाजूला उंच शिखरामागे पुष्कळच कमी. माथ्यावर बसलेली, न हलणारी ढगाची टोपी ही त्याची जुनी आणि भरवशाची खूण आहे. बर्फाच्या पठारांवरून उतरणारा वारा तर केवळ हवेच्या जडपणामुळे वाहतो. अंटार्क्टिकातल्या केप डेनिसनला डग्लस मॉसन यांच्या १९११-१४ च्या मोहिमेने मोजलेली वार्षिक सरासरीच ताशी ७० ते ८० किलोमीटरच्या घरात होती.

नांगर टाकण्यासाठी आडोसा शोधताना हे ध्यानात ठेवा. उंच कडा दिसला की सुरक्षित वाटतं, पण वारा कड्यावरून येत असेल तर त्याच्या पायथ्याशी हवा घुमते, उलट दिशेचे झोत येतात आणि नांगरावरची होडी गोल फिरत राहते. सखल, झाडीने भरलेली जमीन वाऱ्याला घासून मंद करते. जागा निवडायची वेळ आली तर मी भव्य कड्यापेक्षा अशी बुटकी जमीन निवडेन.

सपाट किनाराही काही गप्प बसत नाही. जमीन खडबडीत, त्यामुळे तिच्यावरचा वारा मंदावतो आणि समुद्रावरच्या वाऱ्यापेक्षा कमी दाबाकडे जास्त वळतो. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिलात आणि किनारा उजव्या हाताला असला, तर जमिनीवरचा आणि समुद्रावरचा वारा एकमेकांकडे सरकतात आणि किनाऱ्यालगत जोराचा पट्टा तयार होतो. किनारा डाव्या हाताला असेल तर ते फाकतात आणि वारा उणावतो. दक्षिण गोलार्धात हात उलटे. शर्यतीत उतरणाऱ्यांना हे पाठ असतं. बाकीच्यांनीही पाठ करावं.

खाऱ्या आणि मतलई वाऱ्यांची ओळख शाळेत झालेली असते, म्हणून मूळ कारण सांगत बसत नाही. अंदाजाच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की खारा वारा एकटा कधीच नसतो. मोठ्या हवामान यंत्रणेचा वारा जमिनीकडून मंद वाहत असेल तर खारा वारा स्वच्छ आणि ठळक येतो, कारण वरची परतीची वाट मोकळी असते. तोच जमिनीवरचा वारा २० ते २५ नॉटचा असला तर खारा वारा बहुधा उभाच राहत नाही. या दोन टोकांच्या मध्ये एक फसवी स्थिती असते: दोन्ही वारे किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर भिडतात आणि तिथे निर्वात पट्टा पडतो. किनाऱ्यावरून पाहणाऱ्याला छान झुळूक लागत असते आणि दोन मैलांवरची होडी जागची हलत नाही. पुढे दुपार सरते तसा उत्तर गोलार्धात खारा वारा उजवीकडे वळत जातो आणि संध्याकाळी किनाऱ्याला जवळजवळ समांतर होतो. विषुववृत्ताजवळ हे वळण नगण्य असतं.

किनाऱ्याचा आकार इथेही बोलतो. जमीन समुद्रात घुसलेली असेल तर दोन्ही बाजूंचे खारे वारे मध्ये भिडतात आणि हवा वर चढते. फ्लोरिडात उन्हाळी दुपारी गडगडाटी ढग उठतात ते यामुळे. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला तिवी बेटांवर मोसमात इतक्या नेमाने गडगडाटी ढग उभा राहतो की त्याला ‘हेक्टर’ असं नावच पडलं आहे. अशा ढगाखालून सुटणारा गार झोत आजूबाजूच्या समुद्रावर अर्ध्या तासात चित्र पालटतो, म्हणून जमिनीवरचे ढग हा खलाशाचाही विषय आहे.

बेटांबद्दल थोडक्यात. वारा बेटांच्या दोन्ही कुशींना वेग घेतो, बेटांमधल्या वाटांत वाढतो आणि मागे सावली सोडतो. हवाईतला माउई आणि हवाई बेटांमधला अलेनुइहाहा चॅनेल त्यासाठी कुप्रसिद्ध आहे. मदेइरा आणि कॅनरी बेटांच्या मागे ढगांमध्ये भोवऱ्यांच्या साखळ्या उपग्रहातून दिसतात, आणि हवाईच्या मागची सावली तर पश्चिमेला तीन हजार किलोमीटरपर्यंत मागोवता आली आहे.

आता आमची बाजू, म्हणजे अंदाज तयार होतो तिथली. युरोपियन मध्यम-मुदत अंदाज केंद्राच्या जागतिक मॉडेलची चौकट, म्हणजे नकाशा ज्या चौकोनांत विभागलेला असतो त्यातल्या एकाची बाजू, सुमारे ९ किलोमीटरची, जीएफएस या अमेरिकेच्या जागतिक मॉडेलची सुमारे १३. पण एखादी गोष्ट मॉडेलला नीट उमटवायची तर तिला सहा ते आठ चौकटी लागतात. म्हणजे ९ किलोमीटरच्या मॉडेलला पन्नास ते सत्तर किलोमीटरपेक्षा लहान गोष्टी अस्पष्ट दिसतात. पाच किलोमीटरची सामुद्रधुनी त्यात असतच नाही आणि हजार मीटरची धारदार रांग बोथट, बुटकी टेकडी होऊन जाते. एक ते तीन किलोमीटरची प्रादेशिक मॉडेल्स इथे खरोखर उपयोगी पडतात. तरीही झाकणाची उंची त्यांनी दोनशे मीटरने चुकवली तर भूशिरापाशी वारा अडणार की ओलांडणार, हेच उलटं होऊ शकतं. बारीक चौकट म्हणजे बिनचूक उत्तर, असं धरू नका.

मोबाइलवर बोट ठेवून वारा पाहणाऱ्यांनी आणखी एक सांभाळावं. किनाऱ्यालगत बोट ठेवलं तर दिसणारा आकडा जमिनीच्या चौकटीचा असू शकतो, किंवा जमीन आणि समुद्र यांच्या मधल्या मिश्रणाचा. तो बहुधा खऱ्यापेक्षा कमी असतो. बोट थोडं आत समुद्रात सरकवून पाहा. आकडा एकदम उडी मारत असेल तर त्यातला मोठा आकडा धरा.

समुद्रावर मोजमापं आधीच कमी, आणि ती सर्वांत कमी पडतात ती नेमकी किनाऱ्याजवळ. १९९९ साली सुटलेल्या क्विकस्कॅट उपग्रहाच्या रडारने जगभरच्या समुद्रांवरचा वारा मोजला आणि ग्रीनलंडच्या केप फेअरवेलजवळचा समुद्र जगातल्या सर्वांत वाऱ्याच्या जागांपैकी एक असल्याचं दाखवलं. पण अशा उपग्रहांच्या नजरेत किनाऱ्यापासूनचे वीस-तीस किलोमीटर जमिनीच्या परावर्तनामुळे खराब होतात. २०१४ पासून फिरणाऱ्या सेंटिनेल-१ सारख्या उपग्रहांची सूक्ष्म रडार-चित्रं ती उणीव भरून काढतात. त्यांत भूशिरामागचा झोत आणि सावली बोटाने दाखवावी इतकी स्पष्ट दिसते. मात्र त्याच जागेवरून ते पुन्हा जायला दिवस लागतात, त्यामुळे आजच्या अंदाजापेक्षा त्या जागेचा स्वभाव शिकायला ती जास्त कामाची. शक्य असेल तर आपल्या भूशिराची अशी जुनी चित्रं अवश्य पाहा.

किनाऱ्यावरच्या ठाण्यांचे आकडे वाचताना ठाणं कुठे आहे ते आधी विचारा. शंभर मीटर उंचीच्या दीपगृहावरचा वारा साधारण हवेत दहा मीटरवरच्यापेक्षा तीसेक टक्के जास्त असतो. झाडीआडच्या किंवा आत जमिनीवर असलेल्या विमानतळाचा आकडा कमी भरतो. आणि समुद्र फार गार, हवा उबदार असेल तर पाण्यालगत वारा मेलेला आणि शिडाच्या टोकाशी जोरदार, असंही होतं. झोतांचं, म्हणजे मधूनच येणाऱ्या काही सेकंदांच्या सोसाट्यांचं, म्हणाल तर ऑस्ट्रेलियाच्या सागरी अंदाजांत स्पष्ट लिहिलेलं असतं की झोत सरासरीपेक्षा ४० टक्क्यांनी जास्त असू शकतात. तुमच्या २८ नॉटवर हे लावलं तर झोत ३९ नॉटच्या घरात जातात.

शेवटी दिशेबद्दल, कारण तिच्याकडे सर्वांचं दुर्लक्ष होतं. खुल्या समुद्रात अंदाजाची दिशा वीस अंशांनी हुकली तर फारसं बिघडत नाही. किनाऱ्याजवळ तेवढ्याने तुम्ही झोतात आहात की सावलीत, हे ठरतं. एकाच भूशिरावर वायव्य वारा दुप्पट होतो आणि पश्चिम वारा तसाच राहतो, असं सर्रास दिसतं. म्हणून आपल्या नेहमीच्या वाटेवरच्या दोन-तीन अडचणीच्या जागांची वही ठेवा. अंदाजातला वेग आणि दिशा, प्रत्यक्षातला वारा, दिवसाची वेळ आणि ढगाच्या थराची उंची डोंगराच्या मानाने, एवढं लिहिलं तरी एका हंगामात प्रत्येक जागेची धोक्याची दिशा हाती लागते. निघण्याआधी एकाच अंदाजावर न थांबता अनेक मॉडेल्सच्या किंवा सुरुवात थोडी थोडी बदलून अनेकदा चालवलेल्या एकाच मॉडेलच्या दिशा शेजारी मांडून पाहा. त्यातल्या काही धोक्याच्या दिशेच्या अलीकडे आणि काही पलीकडे पडत असतील तर सरासरी काढू नका. झोताची बाजू खरी धरा आणि भूशिराच्या आधीच शीड कमी करा.